ऐकू आलं न्हाय

सर, काल मी तुम्हाला पाहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमचा आवाज आठवावा लागतो, मग त्याच्या मागून चेहरा येतो. पण काल तुम्ही पडद्यावर दिसलात. अंगात तो मातकट रंगाचा हाफ स्वेटर, मॅटच्या कडेला लाकडी खुर्ची, गुडघ्यांवर दोन्ही हात. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. सभागृहातले लोक आळीपाळीने पडद्यावरच्या माझ्याकडे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघत होते, आणि मी एकटी तुमच्याकडे बघत होते. ते पाच-सहा सेकंद डोळ्यांपुढून हलायला तयार नाहीत. म्हणून आज सकाळचा स्वयंपाक उरकला, मोबाइल बंद केला आणि लिहायला बसले. तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र कोण लिहितं?

तुम्हाला हसू येईल, पण मी अजून प्रसिद्ध आहे. अंबरनाथ पूर्वेला आमच्या शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर माझं चित्र आहे, तुमच्या वेळचंच. पहिलं चित्र सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या पेंटरने वर्तमानपत्रातल्या फोटोवरून काढलं होतं आणि ते खरंच माझ्यासारखं होतं, जरा गोरं होतं एवढंच. त्यानंतर दर पंधरा ऑगस्टच्या आधी कोणीतरी येतं आणि जुन्या रेघांवरून नवा ब्रश फिरवतं. एका वर्षी मला टिकली आली. एका वर्षी लिपस्टिक. मधे काळा रंग संपला म्हणून की काय, माझा ब्लॅक बेल्ट तपकिरी झाला, म्हणजे पेंटरने मला एक परीक्षा मागे ढकललं. गेल्या खेपेला तर त्याने माझा हात उगारून मला विटा फोडायला उभं केलंय. ज्युडोत विटा फोडत नाहीत हे शाळेत कोणाला माहीत नाही, आणि मीही सांगायला गेले नाही. एक स्टेशन पुढे, मी आता राहते त्या कात्रपच्या रिक्षा स्टँडवरची मंडळी विचारतात, "मॅडम, किती विटा फोडल्या होत्या तुम्ही?" पूर्वी मी त्यांना समजावून सांगत बसायची. आता "सहा" म्हणते आणि रिक्षात बसते.

कात्रपला माझा छोटा फ्लॅट आहे. नोकरीतून निवृत्त झाले. भाजीवाली 'ज्युडोवाल्या ताई' म्हणून कोथिंबीर जास्त घालते, सोसायटीत मांजर जरी धडपडलं तरी वॉचमन आधी माझं दार वाजवतो. लग्न काही जमलं नाही. आई म्हणायची, "बघायला येतात ते जीव मुठीत धरून येतात, पोहे काय घशाखाली उतरणार त्यांच्या!" आई गेली, तेव्हापासून घरात मला कोणी नावाने हाक मारत नाही. ओळखणारे गावभर आणि बोलायला कोणी नाही, अशी माझी गत आहे. आणि ज्या एका गोष्टीसाठी सगळे ओळखतात, तिच्याबद्दल तर मुळीच कोणाशी बोलता येत नाही. तुमच्याशी बोलता आलं असतं. तुम्ही होतात तेव्हा मी बोलले नाही.

मी आठवीत होते तेव्हा बाबांनी मला तुमच्याकडे आणलं. बाबा फॅक्टरीच्या ऑफिसात क्लार्क, तुम्ही मशीन शॉपमध्ये फिटर. घाटावरून आलेला, उंचीने बेताचा, मान खांद्यात घुसलेला माणूस. एका शिबिरात ज्युडो शिकून आला होतात आणि क्वार्टर्सच्या मागच्या हॉलमध्ये पोरं गोळा केली होतीत. त्याच हॉलमध्ये लग्नं व्हायची, सत्यनारायण व्हायचे. आम्ही मॅट अंथरायचो तर कधी खाली अक्षता सापडायच्या. मॅट कसली, ताडपत्रीच्या गाद्या होत्या त्या. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये पँटी शिवणाऱ्या कारखान्यांतून जीन्सच्या कतरणी फुकट मिळायच्या, त्या तुम्ही पोत्यांत भरून सायकलवरून आणायचात आणि आम्ही त्या दाबून दाबून गाद्यांत भरायचो. आमचे ज्युडोचे जाड कोटही तिथल्याच एका सिंधी शेठने शिवून दिले होते. मांजरपाट दुहेरी करून, वर चौकटी टीप मारून. त्याने पहिल्यांदा कोट शिवले तेव्हा सगळ्यांना छातीवर खिसा लावून ठेवला होता. तुम्ही म्हणालात, "शेठ, ज्युडोत खिशाचं काय काम?" तर तो म्हणतो, "साईं, खिसे के बिना कपडा अच्छा नहीं लगता. कंगवा किधर रखेगा बच्चा?"

पहिले तीन महिने तुम्ही आम्हाला फक्त पडायला शिकवलंत, आणि हात आपटायला. मला वाटायचं, हे काय शिकणं झालं? दुसऱ्याने हात पिळला, गळा आवळला, की मॅटवर जोरात तळवा आपटायचा, म्हणजे हरलो, सोड. ते ऐकताक्षणी समोरच्याने सोडायचं. पोरं आपटायला लाजायची, दात ओठ खात राहायची. तुम्ही ओरडायचात, "आरं, हात मोडल्यावर लाजून काय उपेग? आपट!" आणि आपटायचं ते मॅटवरच. समोरच्याच्या अंगावर आपटलेलं तुम्हाला चालायचं नाही. "त्याच्या अंगावर मारलं तर त्या एकट्याला कळतंय. मॅटवर मारलं तर समद्यांना कळतंय. हरलो तर समद्यांम्होरं हरायचं." रोज शेवटी आम्ही सगळे आडवे पडून एकदम हात आपटायचो आणि तुम्ही हॉलच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे पिंपळाखाली जाऊन उभे राहायचात. तिथून तुमची आरोळी यायची, "ऐकू आलं न्हाय!" आम्ही पुन्हा आपटायचो. "ऐकू आलं न्हाय!" क्वार्टर्समधल्या बायका म्हणायच्या, मास्तर पोरांकडून धुणं बडवून घेतोय. आमच्यात ते चेष्टेचं वाक्य झालं होतं. कोणी उधारी मागितली की पोरं म्हणायची, ऐकू आलं न्हाय.

मग ते वर्ष आलं. हॉल फॅक्टरीच्या स्टोअरसाठी हवा होता. तुम्ही वेल्फेअरच्या साहेबांकडे इतक्या खेपा घातल्यात की तिथला शिपाई तुम्हाला बघून आधीच मान हलवायचा. राज्य स्पर्धेतून माझी निवड झाल्याचं सांगायला मी फॅक्टरीच्या गेटवर आले होते. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि तुम्ही हात पुसायचा ग्रीसचा फडका तसाच घेऊन बाहेर आलात. मी सांगितलं. तुम्ही हसलात आणि मग लगेच तोंड पाडून म्हणालात, "साहेब म्हन्तोय, राष्ट्रीय गोल्ड आणा, मग हॉलचं बघू." मी म्हटलं, आणते की. जशी काही वाण्याकडून साखर आणायची होती. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, केसांना ग्रीस लागलं. ते काढायला आईला दोन दिवस लागले आणि तिने तुम्हाला मनापासून शिव्या दिल्या.

तेव्हाचं काकूंचं स्वयंपाकघर मला अजून आठवतं. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात मला खेळायचं होतं आणि माझं वजन एकोणपन्नासच्या खाली उतरायला तयार नव्हतं. तुम्ही मला रोज नाक्यावरच्या वाण्याच्या काट्यावर उभं करायचात, जिथे तांदळाची पोती तोलतात तिथे. वाणी म्हणायचा, "मास्तर, किती बांधू?" मग तुमच्या घरी. काकू चुलीपुढे बसाव्यात तशा स्टोव्हपुढे पाटावर बसलेल्या, तव्यावर भाकरी फुगलेली, कढईत पिठलं, आणि माझ्यापुढे वाटीभर मुगाचं पाणी. काकू तुमच्यावर करवादायच्या, "पोरीला उपाशी मारून कसलं मेडल आणताय हो?" तुम्ही म्हणायचात, "आपणबी खायचं न्हाय आज," आणि खरंच मुगाचं पाणी पिऊन बसायचात. निघायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, गोल्ड नाही आलं तर? तुम्ही वाटी खाली ठेवलीत. म्हणालात, "न्हाय आलं तर न्हाय आलं. स्टोअरमधी पोती ठेवतील, आपण मैदानात गाद्या टाकू." पण माझ्याकडे बघून नाही म्हणालात, वाटीकडे बघून म्हणालात.

उत्तरेतल्या त्या शहरात कडाक्याची थंडी होती. शेठही आपल्याबरोबर आला होता. त्याच्या भावाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, त्याचा भला मोठा व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन. "अपनी बेटी लडेगी, कॅमेरा चलेगा ही चलेगा." फायनलला माझ्यासमोर पंजाबची मुलगी होती. माझ्यापेक्षा चांगली होती, हे मला पहिल्या पकडीतच कळलं. गुण बरोबरीत होते, शेवटचं मिनिट राहिलं होतं. तिने मला खाली घेतलं, माझा उजवा हात दोन मांड्यांमध्ये धरला, पाय माझ्या छातीवर आणि गळ्यावर आडवे टाकले आणि मागे झुकली. हा डाव तुम्ही आम्हाला शंभरदा दाखवला होता. हात एकदा सरळ झाला की त्यातून सुटका नाही. माझा हात सरळ झाला. कोपरात आधी गरम गरम वाटलं, मग आत काहीतरी ताणत, ताणत गेलं. मी डाव्या हाताने हरल्याची खूण केली. पंचांना ती दिसली नाही, कोपऱ्यांत बसलेले दोघे साहाय्यक पंच घड्याळाकडे बघत होते. तिला कळली. तिने लगेच सोडलं. पंचांचा हुकूम यायची वाट बघितली नाही, कारण आपल्यात समोरच्याचा हात आधी, बाकी सगळं नंतर. तिने पाय काढले, उठून बसली, तोंडावर आलेले केस मागे सारले. पंचांनी लढत थांबवलीच नव्हती. मी उलटले, तिला पाठीवर पाडलं आणि सगळ्या अंगाचं वजन तिच्यावर टाकून तिला दाबून धरलं.

तीस सेकंद दाबून धरायचं असतं. पहिले काही सेकंद तिने धडपडसुद्धा केली नाही. खालून ती मला काहीतरी सांगत होती. कोणाची तरी चूक होतेय आणि आत्ता कोणीतरी थांबवेल, असं तिला वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती जीव खाऊन उसळायला लागली, पण तोवर माझी पकड बसली होती. घंटा झाली, मी जिंकले. मेडल घेताना ती माझ्या शेजारी एक पायरी खाली उभी होती. हात मिळवला तेव्हा तिने माझी बोटं अगदी अलगद धरली आणि हळूच विचारलं, "हाथ ठीक है ना तेरा?" मी "हां" म्हटलं. तिने मान हलवली. पंचांकडे गेली नाही, कोचजवळ जाऊन माझ्याकडे बोट दाखवून रडली नाही. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत ती नव्हती, असं कानावर आलं. लग्न झालं म्हणे.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मी सांगते ती गोष्ट निराळी आहे आणि ती मी इतकी वेळा सांगितली आहे की मला पाठ आहे. तीत मी कोपर तुटेल एवढं सोसते, हिसका देते आणि सुटते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, बँकेच्या वर्धापनदिनी, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला, सगळीकडे हीच. हिसका या शब्दावर बायका टाळ्या वाजवतात.

परतीच्या गाडीत तुम्ही मला संत्रं सोलून दिलंत आणि विचारलंत, "कोपर दुखतंय?" मी म्हटलं, थोडं. तुम्ही हात पुढे घेतलात, कोपराभोवती बोटं फिरवलीत, पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. शेठ डबाभर मिठाई वाटत होता. अंबरनाथ स्टेशनवर बँड होता, गुलाल होता, मला उघड्या जीपमध्ये उभं केलं आणि बाजारातून फिरवलं. जीपमध्ये वेल्फेअरचे साहेब माझ्या उजव्या बाजूला उभे होते. त्यांनी माझा हात धरून वर केला आणि मला कळ आली ती डोक्यापर्यंत. हॉल आपला झाला हे त्यांनी तिथेच जाहीर केलं. मी तुम्हाला शोधत होते. तुम्हाला सेकंड शिफ्ट होती म्हणे, तुम्ही स्टेशनवरूनच फॅक्टरीत गेलात. मिरवणुकीच्या एकाही फोटोत तुम्ही नाही.

आठवडाभराने मी क्लासला आले. पोरं अवतीभवती, लहान मुली माझा बेल्ट हाताळून बघतायत. तुम्ही म्हणालात, "ये, तोच डाव दाखवू पोरांना." माझ्या उजव्या कोपराला पट्टी होती म्हणून तुम्ही डावा हात धरलात. झुकलात. मी उजव्या हाताने आपटू शकत नव्हते म्हणून पायाने मॅट आपटली. तुम्ही सोडलं नाही. म्हणालात, "ऐकू आलं न्हाय." पोरं हसली. मीही हसले, आणि पुन्हा आपटली, जोरात. तुमची पकड तशीच. "ऐकू आलं न्हाय." हात दुखत नव्हता, तुम्ही दुखू दिलाच नव्हता, नुसता धरून ठेवला होता. पण तुमचा आवाज पिंपळाखालून यायचा तसा नव्हता. तिसऱ्यांदा मी इतकी जोरात टाच आपटली की ताडपत्री उसवली आणि निळ्या कतरणी बाहेर आल्या. तेव्हा तुम्ही सोडलंत आणि म्हणालात, "आता आलं." पोरं अजून हसतच होती. मी उठले, नमस्कार केला, कोट घेतला आणि घरी गेले. त्यानंतर क्लासला आले नाही. आईला सांगितलं, सरांना माझं कौतुक सोसवत नाही. आई म्हणाली, माणसं अशीच असतात. असं बोलले मी तुमच्याबद्दल.

खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. सत्काराला सगळ्यांनी घड्याळं आणि लेमन सेट दिले. तुम्ही आला नाहीत, काकूंना पाठवलंत, त्यांच्याबरोबर खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली. आत निर्गुडीचं तेल. "ह्यांनी स्वतः पाला आणला, मी उकळलं. कोपराला लावत जा, म्हणालेत." मग दर वर्षी थंडी सुरू झाली की कोणाबरोबर तरी बाटली यायची. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी लावायची. दुखणं थांबायचं, पण दर वेळी बाटली उघडली की तुमच्या घरातल्या स्टोव्हचा वास येतोय असं वाटायचं आणि मी ती पटकन बंद करायची. तुम्हाला भेटायला मी एकदाही आले नाही. तुमचा क्लास चालू होता, आता तुम्ही स्पर्धांना पोरं पाठवत नव्हता, फक्त लहान मुलांना पडायला शिकवत होता, असं कानावर यायचं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. तुम्ही आजारी आहात हे मला बाजारात कळलं आणि मी आले. तुमची कॉट स्वयंपाकघरातच हलवली होती, काकूंना लक्ष ठेवायला बरं म्हणून. तुमची मान खांद्यांतून वर आली होती, इतके वाळला होतात. काकू म्हणाल्या, "बघा कोण आलंय!" तुम्ही बघितलंत. "कोपर काय म्हन्तंय?"

"थंडीत दुखतं, सर."

"दुखणारच. ताणलं व्हतं लय."

मग डोळे मिटून पडलात. मला वाटलं झोपलात. स्टोव्ह भुरभुरत होता, काकू थालीपीठ थापत होत्या. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "त्या पोरीचं म्होरं काय झालं, कळलं का कधी?"

"लग्न झालं म्हणे, सर. पुढचं काही कळलं नाही."

"चांगली पोर व्हती."

त्या वेळी काकू पाणी आणायला मोरीत गेल्या. खोलीत तुम्ही आणि मी. मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि तुम्ही वाट बघत होता, एवढं मला कळत होतं. काकू परत आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे थालीपीठ ठेवलं, वर लोण्याचा गोळा. "खा, आता वजनाची काळजी न्हाय तुला." मी दोन थालीपिठं खाल्ली, चहा प्यायले, पुन्हा येते म्हणाले. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. काकूंना क्वार्टर सोडावं लागलं, त्या गावी गेल्या, त्याही आता नाहीत. तुमची शेवटची बाटली माझ्याकडे आहे. तेल घट्ट होऊन तळाशी बसलंय.

आता कालचं सांगते. जुन्या हॉलच्या जागी नवा बांधला आहे, आत खऱ्या मॅट, हिरव्या आणि पिवळ्या. त्याला माझं नाव द्यायचं ठरलं. मी कमिटीला म्हटलं, सरांचं द्या. तर एक तरुण म्हणाला, "मॅडम, सरांना आता कोण ओळखतं?" वाईट हेतूने नाही म्हणाला, खरं तेच म्हणाला. समारंभाला शेठचा मुलगा आला होता, आता त्याचेही केस पांढरे झालेत. तो म्हणाला, "दीदी, माळा साफ करताना पप्पांची कॅसेट भेटली. फायनलवाली. पेन ड्राइव्हमध्ये टाकून आणलीय, सरप्राइज!" सर, ती कॅसेट हरवली असंच शेठ तेव्हा म्हणाला होता. चाळीस वर्षं मी धरून चालले होते की ते कोणी पाहिलेलं नाही. खुर्चीत बसले आणि वाटलं, आता झालं, आता सगळ्या गावासमोर माझा हात दिसणार. आणि खरं सांगू, भीतीच्या खाली कुठेतरी मला हलकंही वाटलं, की चला, मला सांगावं लागणार नाही.

कॅसेटची सुरुवात गुलाबांच्या चौकटीने होते, मागे सनई. लोक हसले. मग मी आणि ती, मुंग्या आलेल्या चित्रात. कॅमेरा पंचांच्या बाजूने होता. ती माझा हात घेते, मागे झुकते, तिच्या पायांआड माझा डावा हात पूर्ण झाकलेला. काही दिसत नाही, सर. काहीच नाही. पण मागे, पलीकडच्या कडेला तुम्ही आहात, समोरून. तुम्हाला माझा तो हात दिसत होता. आणि तुम्ही उठता. उजवा हात वर जातो, पंचांना हाक मारावी तसा, तोंड उघडलेलं. तेवढ्यात ती पाय काढते, मी उलटते. तुम्ही हात वर करून तसेच उभे. मग हात हळूहळू खाली येतो आणि तुम्ही खुर्चीत बसता. तेवढ्यात शेठने कॅमेरा माझ्यावर आणला आणि लग्नाच्या कॅसेटसारख्या वरून पाकळ्या पडायला लागल्या.

टाळ्या खूप झाल्या. माझ्या हातात माइक दिला आणि मी पाठ असलेली गोष्ट सांगितली, हिसक्यासकट. घरी येऊन बूट न काढता बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर रागावलात. तुम्ही बोलायला उठला होता आणि हॉलसाठी, क्लासमधल्या त्या चाळीस पोरांसाठी, कदाचित माझ्यासाठीही, खाली बसलात. मग तुम्हीही ते घेऊन जगलात, चार गल्ल्यांवर, आणि मला वाटायचं मी एकटीच आहे. आपण दोघं एका खोलीत बसून एकदा तरी बोललो असतो तर तुम्हाला किती बरं वाटलं असतं, हे काल माझ्या लक्षात आलं. मला फार रडू आलं, सर. शेजारी ऐकू जाईल म्हणून टीव्ही लावला.

हे पत्र मी तेलाच्या बाटलीखाली घडी करून ठेवणार आहे, कुठे पाठवणार? पण एक राहिलंय. वर मी लिहिलं की पंचांना दिसलं नाही. काल पडद्यावर त्या क्षणी माझं तोंड एकदम कॅमेऱ्याकडे वळतं, आणि शेजारच्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "अगं बाई, किती कळ आली असेल, तोंड कसं फिरवलंस!" मी हो म्हटलं. कळ आली होती, खोटं नाही. पण मी तोंड फिरवलं ते मॅटवर फिरणाऱ्या पंचांचे काळे मोजे कुठे आहेत ते बघायला. ते तिच्या पाठीमागे होते. मग मी तिच्या पोटरीवर बोटं मारली, दोनदा, तिला एकटीला कळतील एवढी. मॅट माझ्या हाताखाली मोकळी होती, सर.